शिक्षा स्थगित, दोष कायम!

रायपूर : भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या माणसाला अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुरुंगात ठेवावे की बाहेर, हा प्रश्न वरकरणी वकिलांचा आणि न्यायाधीशांचा वाटतो. प्रत्यक्षात या एका प्रश्नावर खासदारकी, आमदारकी, नोकरी, निवृत्तिवेतन आणि कित्येकदा एखाद्याचे अवघे आयुष्य टांगलेले असते. छत्तीसगडशी निगडित दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर या प्रश्नाची दोन टोके स्पष्ट दिसतात. एका प्रकरणात शिक्षा सुनावल्यापासून अंतरिम जामीन मिळेपर्यंत दोन दिवस लागले. दुसऱ्यात सापळा लागल्यापासून निर्दोष ठरेपर्यंत ३९ वर्षे गेली.

पहिले प्रकरण कोळशाचे आहे. छत्तीसगडमधील फतेहपूर (पूर्व) कोळसा खाणपट्टा ज्या कंपनीला मिळाला, तिचे नाव जेएलडी यवतमाळ एनर्जी. खाण छत्तीसगडची, कंपनीच्या नावातील गाव विदर्भातील आणि खटला दिल्लीच्या विशेष न्यायालयात, असा हा तिहेरी प्रवास होता. समूहातील कंपन्यांना आधीच मिळालेले खाणपट्टे अर्जात दडवून ठेवल्याचा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१२ साली गुन्हा नोंदवला. पुढे याच विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये विशेष न्यायालयाने तो नाकारला. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य आणि मराठी वृत्तपत्रसमूहाचे प्रमुख विजय दर्डा यांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रांत वस्तुस्थिती चुकीची मांडल्याचे प्रथमदर्शनी मत त्या वेळी न्यायालयाने नोंदवले होते. कोळसा खाते तेव्हा खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याकडे होते.

जुलै २०२३ मध्ये या खटल्याचा निकाल लागला. दर्डा, त्यांचे पुत्र देवेंद्र आणि कंपनीचे संचालक मनोजकुमार जयस्वाल यांना २६ जुलै रोजी प्रत्येकी ४ वर्षांची शिक्षा झाली. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता आणि अन्य दोन अधिकाऱ्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. अधिकाऱ्यांना विशेष न्यायालयानेच अपिलासाठी जामीन दिला. दर्डा पितापुत्र आणि जयस्वाल यांची रवानगी मात्र कोठडीत झाली. दोनच दिवसांनी, २८ जुलै रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने दर्डा पितापुत्रांना अंतरिम जामीन दिला आणि सप्टेंबरमध्ये अपिलाच्या निकालापर्यंत शिक्षा स्थगित केली.

दुसरे प्रकरण रायपूरचेच. मध्य प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या रायपूर कार्यालयातील देयक विभागाच्या एका सहायकावर १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये १०० रुपयांच्या लाचेचा आरोप ठेवून लोकायुक्तांच्या पथकाने सापळा लावला. थकबाकीचे देयक काढून देण्यासाठी सहकाऱ्याकडेच पैसे मागितले, असा तो आरोप होता. त्यानंतर निलंबन, बदली, अर्धे वेतन आणि रोखलेली वेतनवाढ असे सगळे भोग ओघाने आले. डिसेंबर २००४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने १ वर्षाची कैद आणि १,००० रुपये दंड ठोठावला. या शिक्षेविरुद्धचे अपील बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये निकाली काढले आणि त्याची निर्दोष मुक्तता केली. लाचेची मागणी झाली आणि ती स्वेच्छेने स्वीकारली गेली, हे सिद्धच झाले नाही, असे न्यायालय म्हणाले. ज्या साक्षीदाराने संभाषण ऐकायचे, त्याने ते ऐकलेच नव्हते आणि सरकारी साक्षीदार अंतरावर उभे होते. आरोपीने तोवर वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. ज्या महामंडळाचा तो नोकर, ते महामंडळही दरम्यानच्या काळात बंद पडले होते.

या दोन प्रकरणांची तुलना करून ‘बड्यांना जामीन, गरिबांना तुरुंग’ असा सोपा निष्कर्ष काढता येईल. पण तो पुरता खरा नाही. कायद्याने दोघांसाठीही एकच दार ठेवले आहे, आणि एका वर्षाच्या शिक्षेत ते अधिक सहज उघडते. खरा फरक त्या दारातून बाहेर पडल्यानंतरच्या आयुष्यात आहे. तो समजून घेण्यासाठी शिक्षेची स्थगिती आणि दोषसिद्धीची स्थगिती यांतील भेद आधी लक्षात घ्यावा लागतो.

दोन निराळ्या स्थगिती

खटला चालू असतानाचा जामीन आणि शिक्षा झाल्यानंतरचा जामीन यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. खटला चालू असेतो आरोपी निर्दोष मानला जातो. रायपूरमध्ये गेल्या काही वर्षांत कोळसा लेव्ही आणि मद्यविक्री प्रकरणांत ज्या अटका झाल्या आणि ज्या जामिनांवरून राजकारण तापले, ते सारे या पहिल्या वर्गातील जामीन होते. शिक्षा झाल्यावर निर्दोषत्वाचे हे गृहीतक संपते. मग जामीन मागणाऱ्याला आपण निर्दोष आहोत एवढे म्हणून भागत नाही. निकालात वरवर पाहताही दिसावी अशी त्रुटी आहे, अपील नजीकच्या काळात सुनावणीस येण्याची शक्यता नाही, आपण पळून जाणार नाही, खटल्याच्या काळातही जामिनाचा गैरफायदा घेतलेला नाही, असे काही तरी दाखवावे लागते.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये ही व्यवस्था होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४३० मध्ये जवळपास जशीच्या तशी आली आहे. अपील ऐकणारे न्यायालय कारणे लेखी नोंदवून शिक्षेची अंमलबजावणी स्थगित करू शकते आणि कैद्याला जामिनावर सोडू शकते. आरोपी खटल्याच्या वेळी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपेक्षा अधिक नसेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील दाखल करण्यापुरता वेळ देऊन त्याला सोडते. कोळसा खटल्यातील अधिकारी न्यायालयातून घरी गेले आणि दर्डा कोठडीत गेले, यामागे ३ आणि ४ या दोन आकड्यांतला हाच फरक होता. त्यात मेहेरबानी शोधण्याचे कारण नाही. शिक्षा स्थगित असताना बाहेर काढलेला काळ भोगलेल्या शिक्षेत धरला जात नाही, हेही या कलमातच स्पष्ट केले आहे. शिक्षा माफ होत नाही, ती पुढे ढकलली जाते.

संसदेने भ्रष्टाचाराच्या शिक्षा वाढवल्या, तेव्हा या तराजूचा काटाही हलला. लोकपाल कायद्याबरोबर २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने लाच घेण्याच्या गुन्ह्याची किमान शिक्षा ६ महिन्यांवरून ३ वर्षे झाली आणि पदाच्या गैरवापराची १ वर्षावरून ४ वर्षे. त्यामुळे या दुसऱ्या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्याला कनिष्ठ न्यायालयातून सुटण्याचा मार्ग उरला नाही. त्याला कोठडीतूनच उच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी लागते. शिक्षा कठोर करण्याची चर्चा सभागृहात पुष्कळ झाली. या वाढलेल्या अपिलांचा निपटारा उच्च न्यायालयांनी किती काळात करावा, याची मुदत मात्र कायद्यात आली नाही.

शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी कायम राहते. ‘हा मनुष्य दोषी आहे’ ही नोंद पुसली जात नाही. सरकारी नोकराच्या बाबतीत राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार केवळ या नोंदीच्या आधारे, वेगळी चौकशी न करता, बडतर्फी करता येते. त्यासाठी अपिलाच्या निकालापर्यंत थांबण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. लोकप्रतिनिधीच्या बाबतीत हीच नोंद सदस्यत्व घेऊन जाते. म्हणून शिक्षेला स्थगिती मिळाल्यावर पुढारी मंडळींची दुसरी लढाई सुरू होते, ती दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवण्याची.

दोषसिद्धी स्थगित करण्याचा अधिकार अपिली न्यायालयाला आहे, हे १९९५ च्या रमा नारंग खटल्यात मान्य झाले. तो सरसकट वापरता येणार नाही, हेही तिथेच स्पष्ट झाले. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांपुरती ही मर्यादा २००१ च्या के. सी. सरीन खटल्यात अधिक कडक झाली. लोकसेवक भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरला असेल, तर शिक्षा थांबवली तरी दोषसिद्धी थांबवू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. दोषी ठरलेला अधिकारी पुन्हा त्याच खुर्चीत बसला, तर लोकांचा व्यवस्थेवरचा विश्वास उडेल आणि प्रामाणिक सहकाऱ्यांचे मनोबल खचेल, हा त्यामागचा विचार होता.

संसदेची उडी आणि माघार

राजकीय वर्गाने या भेदाची दखल खऱ्या अर्थाने घेतली ती १० जुलै २०१३ नंतर. त्या दिवशीच्या लिली थॉमस निकालाने लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम ८(४) रद्द झाले. तोवर विद्यमान खासदार-आमदाराला तीन महिन्यांचे अभय होते आणि त्या मुदतीत अपील केले की ते निकाली निघेपर्यंत सदस्यत्व सुरक्षित राही. सामान्य उमेदवाराला अपात्र ठरवणारी दोषसिद्धी विद्यमान सदस्याला मात्र हात लावू शकत नव्हती. हा भेद घटनेत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

त्यानंतर दिल्लीत जे घडले ते बोलके होते. निकालाला वळसा घालणारे विधेयक आणण्यात आले. ९० दिवसांत अपील करून स्थगिती मिळाल्यास सदस्यत्व राहील, मात्र मताधिकार आणि वेतन नसेल, अशी मधली वाट त्यात होती. ते रखडताच सप्टेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला. २७ सप्टेंबरला राहुल गांधी यांनी तो जाहीरपणे निकालात काढला आणि काही दिवसांतच सरकारने अध्यादेश आणि विधेयक दोन्ही मागे घेतले. ऑक्टोबरमध्ये राज्यसभेचे रशीद मसूद आणि लोकसभेचे लालूप्रसाद यादव यांनी सदस्यत्व गमावले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लालूप्रसादांना जामीन दिला. ते तुरुंगातून बाहेर आले, सभागृहात मात्र परतले नाहीत. शिक्षेची स्थगिती आणि दोषसिद्धीची स्थगिती यांतील अंतर देशाला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले.

भ्रष्टाचाराच्या बाबतीत ही अपात्रता अधिक कठोर आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षांची शिक्षा झाल्यावरच सदस्यत्व जाते. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेल्याला मात्र शिक्षा कितीही कमी असली तरी ती लागू होते. केवळ दंड झाला तरी ६ वर्षे, आणि कैद झाली तर दोषसिद्धीपासून सुटकेपर्यंत आणि त्यापुढे आणखी ६ वर्षे निवडणूक लढवता येत नाही. ४ वर्षांची शिक्षा झालेल्या नेत्याचा राजकारणातील एक दशकाचा काळ अशा रीतीने हिशेबाबाहेर जातो. म्हणूनच दोषसिद्धीच्या स्थगितीचा अर्ज हा नेहमी निवडणुकीच्या तोंडावर येतो.

एकच न्यायालय, दोन उत्तरे

या अर्जांना मिळणारी उत्तरे सारखी नसतात, हा या व्यवस्थेचा खरा दुबळेपणा आहे. कोळसा खटल्यांतीलच दोन उदाहरणे पुरेशी आहेत. झारखंडचे माजी मुख्यमंत्री मधू कोडा यांना डिसेंबर २०१७ मध्ये ३ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा स्थगित झाली. दोषसिद्धीला स्थगिती मागणारा अर्ज मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. सार्वजनिक जीवन शुद्ध राहावे ही अपेक्षा एका उमेदवाराच्या गैरसोयीपेक्षा मोठी आहे, असा या आदेशांचा रोख होता.

वाजपेयी सरकारमध्ये कोळसा खात्याचे राज्यमंत्री राहिलेले दिलीप राय यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच एका खाणपट्ट्याच्या खटल्यात ३ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या दोषसिद्धीला त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्थगिती दिली. अपील प्रलंबित आहे, वय सत्तरीपार गेले आहे, निवडणुकीची संधी एकदा हुकली की ती परत मिळणार नाही, या बाबी तिथे निर्णायक ठरल्या. राय यांनी राउरकेला येथून विधानसभा लढवली आणि ते पराभूत झाले. मतदारांनी आपला निर्णय दिला, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. एकाच्या बाबतीत ‘परत न येणारी संधी’ हे कारण ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ते कारण ठरत नाही, तर कसोटी नेमकी कोणती, हे सामान्य नागरिकाला कळायला हवे.

महाराष्ट्रातही हा अनुभव नवा नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ चा. त्यात माजी मंत्री सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची आमदारकी लगोलग गेली. हा खटला लाचलुचपत कायद्याखालचा नव्हता, विश्वासघात आणि बनावट दस्तऐवजांचा होता. तरीही पुढची वाट तीच होती. सत्र न्यायालयाने दिलासा नाकारला, जानेवारी २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने जामीन दिला, दोषसिद्धीला मात्र स्थगिती मिळाली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सावनेरमधून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. बँकेत ज्यांचे पैसे अडकले, त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर २१ वर्षांनी एक निकाल लागला आणि तोही अंतिम नाही.

अपिलाचा काळ हीच शिक्षा

अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, हे या साऱ्याच्या मुळाशी आहे. अपील सहा महिन्यांत निकाली निघत असते, तर शिक्षा स्थगित करावी की नाही, या वादाला फारसा अर्थ उरला नसता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये एका प्रकरणात विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे. अपील ऐकायला पाच-सहा वर्षे लागणार असतील आणि शेवटी तो मनुष्य निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेली वर्षे त्याला कोण परत देणार? म्हणूनच ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, आणि ती नाकारायचीच असेल तर अपील लवकर ऐकावे, असे याच न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले.

हा विचार न्याय्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. अपील पडून राहणार म्हणून शिक्षा स्थगित होते आणि शिक्षा स्थगित झाली म्हणून अपील ऐकण्याची घाई कोणालाच उरत नाही. आरोपीला तारखा हव्या असतात, सरकारी वकिलावर इतर कामांचा भार असतो आणि न्यायालयापुढे तुरुंगात असलेल्यांची अपिले आधी येतात. स्थगितीचा आदेश हाच मग व्यवहारात अंतिम निकाल होऊन बसतो. दोषी असलेला मनुष्य शिक्षा न भोगता आयुष्य काढतो आणि निर्दोष असलेला डाग घेऊन जगतो.

भाजपचे माजी अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. २००१ साली गुप्त कॅमेऱ्यापुढे १ लाख रुपये स्वीकारल्याबद्दल त्यांना एप्रिल २०१२ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती स्थगित केली. १ मार्च २०१४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अपिलाचा निकाल लागलेला नव्हता. ते दोषी होते की नव्हते, याचे अंतिम उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. ते ना त्यांच्या विरोधकांना मिळाले, ना त्यांच्या कुटुंबाला.

शिक्षा स्थगित असणे म्हणजे सुटका, हा समजही अधिकारीवर्गाच्या बाबतीत टिकत नाही. कोळसा सचिव राहिलेल्या एच. सी. गुप्ता यांच्यावर अनेक खटले चालले. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी विशेष न्यायालयाला सांगितले की वकिलांचा खर्च आपल्याला झेपत नाही, तेव्हा आपला जातमुचलका रद्द करावा, आपण तुरुंगात राहून खटल्याला सामोरे जाऊ. भारतीय प्रशासन सेवेतील सचिवपदावरून निवृत्त झालेल्या माणसाला असे म्हणावेसे वाटत असेल, तर शंभर रुपयांच्या सापळ्यात अडकलेल्या लिपिकाची स्थिती काय होत असेल, याची कल्पना करता येते. वरिष्ठ वकील उभा करू शकणाऱ्याचा अर्ज दोन दिवसांत न्यायमूर्तींपुढे जातो. बाकीच्यांचा अर्जही जातो, आणि बऱ्याचदा मंजूरही होतो. पण अपील अंतिम सुनावणीला आणण्यासाठी जो पाठपुरावा लागतो, तो त्यांच्या आवाक्याबाहेर असतो.

रायपूरच्या पक्षकाराला या विलंबाची एक भौगोलिक बाजूही ठाऊक आहे. जुन्या मध्य प्रांताच्या काळात १९३६ पासून रायपूरची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती जबलपूरला जाऊ लागली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, तेव्हा राजधानी रायपूरला आणि उच्च न्यायालय बिलासपूरला, अशी वाटणी झाली. न्यायालय पक्षकाराच्या जवळ आले, हे खरे. अंतर कमी झाले म्हणून अपिलाचा काळ कमी झाला नाही, हे परिवहन महामंडळाच्या त्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणाने दाखवून दिले. त्याचे अपील या नव्या, जवळच्या न्यायालयातच २० वर्षांहून अधिक काळ होते.

स्थगितीला मुदतीची जोड

यावर उपाय नाही असे मात्र नाही. उपाय सर्वोच्च न्यायालयाने एकदा करून दाखवला आहे. तामिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांना बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात २७ सप्टेंबर २०१४ रोजी ४ वर्षांची शिक्षा झाली. कर्नाटक उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो दिला, पण अपिलाची सर्व कागदपत्रे दोन महिन्यांत दाखल करण्याच्या अटीवर. डिसेंबरमध्ये ती दाखल झाल्यावर विशेष पीठापुढे रोजच्या रोज सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे सांगितले गेले. ११ मे २०१५ रोजी, म्हणजे शिक्षेपासून आठ महिन्यांच्या आत, उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. ती मुक्तता १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा जयललिता हयात नव्हत्या आणि शिक्षा भोगण्यासाठी शशिकला तुरुंगात गेल्या. उच्च न्यायालयाचा तो निकाल टिकला नाही, हा भाग वेगळा. हजारो पानांचे अपील आठ महिन्यांत ऐकून संपवता येते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. प्रश्न इतकाच की अशी घाई मुख्यमंत्र्यांसाठीच व्हावी का?

लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढ धरूनही तो सामान्यतः चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे म्हटले आहे. अपिलासाठी अशी एक ओळही कायद्यात नाही. ती घालणे संसदेला अवघड नाही. शिक्षेला स्थगिती देणाऱ्या प्रत्येक आदेशात कागदपत्रे दाखल करण्याची आणि अंतिम सुनावणीची तारीख नमूद करणे उच्च न्यायालयांना आजही शक्य आहे. तारीख आरोपीमुळे टळली तर स्थगितीचा फेरविचार व्हावा आणि सरकारी पक्षामुळे टळली तर त्याचे उत्तर सरकारकडून घ्यावे, एवढी साधी शिस्तही पुष्कळ काही साधेल. दोषसिद्धीच्या स्थगितीबाबत तर निवडणुकीचे वेळापत्रक हे कारण मानायचे की नाही, याचा एकदाच निवाडा होणे गरजेचे आहे. तो पीठागणिक बदलत राहिला, तर संशय न्यायालयांवर येतो आणि राजकारण्यांना सबब मिळते.

यात कोणाचे हितसंबंध आडवे येतात, हेही पाहिले पाहिजे. सत्ताधारी आणि विरोधक यांच्या जागा दर पाच-दहा वर्षांनी बदलतात, तसे जामिनावर असलेले पुढारीही बदलतात. आज ज्यांच्या पक्षातील नेत्याला स्थगिती मिळाली ते न्यायव्यवस्थेवर विश्वास व्यक्त करतात आणि ज्यांच्या नेत्याला मिळाली नाही ते सूडबुद्धीचा आरोप करतात. २०१३ च्या अध्यादेशामागे जी सर्वपक्षीय अस्वस्थता होती, ती आजही संपलेली नाही. तिला वाट करून देण्याचे ठिकाण तेवढे बदलले आहे. कायदा बदलून सदस्यत्व वाचवणे अशक्य झाले, म्हणून आता प्रत्येक प्रकरण न्यायालयात वेगवेगळे लढवले जाते. अपील लवकर निकाली निघावे, ही मागणी मात्र कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे येत नाही. कारण लवकर लागणारा निकाल दोन्हीपैकी कोणताही असू शकतो.

भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरलेल्याला शिक्षा भोगावी लागावी आणि चुकीने दोषी ठरलेल्याची लवकर सुटका व्हावी, या दोन अपेक्षा परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. वेळेत ऐकलेले अपील या दोन्ही पुऱ्या करते. वेळेत न ऐकलेले अपील दोन्हींचा बळी घेते. स्थगिती ही न्यायाच्या वाटेवरची एक थांबण्याची जागा होती. तिलाच मुक्कामाचे ठिकाण केले गेले, आणि त्याची किंमत शंभर रुपयांच्या आरोपीपासून शेकडो कोटींच्या खाणीच्या खऱ्या मालकापर्यंत, म्हणजे जनतेपर्यंत, सगळेच मोजत आहेत.